हिरव्या ठिपक्याची सून

माझ्या सुनेचं नाव किशोरी. थळच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, "लॅपटॉपवाली किशोरी कुठे राहते?" शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला आमच्या दारात आणून सोडील. आणि हे नाव तिला चिकटवलं कुणी? मीच. मी नीराबाई, तिची सासू. चाळीस वर्षं अलिबागच्या बाजारात मासे विकले, त्यामुळे तोंड माझं पहिल्यापासून मोठं. आता जे सांगते तेही मोठ्यानेच सांगणार. ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

किशोरीला बघायला आम्ही रेवदंड्याला गेलो, त्याला सहा वर्षं झाली. पोहे झाले, चहा झाला. आमच्या निकेशने तिला म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. मुली काय विचारतात? नोकरी पक्की आहे का, घरात माणसं किती. ही पोरगी निकेशकडे बघेसुद्धा ना. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमची बाजारात ओट्यावर जागा आहे ना? ती पुढे कुणाला देणार?"

तिची आई डोळे वटारायला लागली, निकेश बिचारा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मला मात्र पोरगी तिथल्या तिथे आवडली. मागाहून कळलं, तिच्या आईने तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकले. सुट्टीत ही पोर आईचा पदर धरून मागे मागे फिरायची. कुणी म्हणायचं उद्या ये, कुणी म्हणायचं पायरीवर नको, वास राहतो. ओट्यावर बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक चालत येतं, मग ते कितीही तालेवार असो. पोरीने ते लहानपणीच हेरलं होतं. मी तिला म्हटलं, "तुलाच देणार गो. अजून आहे कोण मला?" त्यावर तिने लग्नाला होकार दिला. निकेशला वाटतं त्याच्याकडे बघून दिला. वाटू दे.

आता ही जागा म्हणजे काय ते सांगते. आमच्या रांगेत बावीस बायका. सासूची जागा सुनेला जाते, ही बायकांची आपसातली रीत. कागद नाही, शिक्का नाही. अट एकच. नव्या बाईने पहिल्या दिवशी बसायचं ते पहिली पाटी रिकामी होईपर्यंत उठायचं नाही. तहान लागो, पाय मुंग्यांनी भरो, उठायचं नाही. उठली तर जागा नंबर लावून असलेल्या पुढच्या बाईची. आणि बसायचा दिवसही ठरलेला असतो, नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरतो तो पहिला दिवस.

या अटीवर मी एकदा भांडलेय. आमची मनुबाई आहे ना, आता रांगेतली सगळ्यांत वडील बाई, तिचा पहिला दिवस होता. पाटीत पाच-सहा मासे उरलेले, आणि तिचं रांगतं पोर पायरीवरून पडलं. उठली ती. धावली. कुठली आई बसून राहील? पण मी पदर खोचून उभी राहिले आणि म्हटलं, उठली ती उठली, रीत म्हणजे रीत. मनुबाई पुढे दोन वर्षं ओट्याखाली फरशीवर बसली, गटाराच्या कडेला. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. मीही कधी चुकले म्हटलं नाही. तेव्हा मला मी बरोबरच वाटत होते.

लग्नानंतर किशोरी दर रविवारी माझ्याबरोबर यायची. अगो, काय विकायची ती! मी गिऱ्हाइकाला दरडावून विकायची, ही हसून विकायची. "दादा, काल नेलेला हलवा कसा लागला?" असं विचारून दुसरा मासा गळ्यात मारायची. कोयता तर असा चालायचा की सुरमईचे तुकडे एकासारखे एक. मी म्हणायची, "पुरे गो, माझं गिऱ्हाईक मला ओळखायचं बंद होईल." मनातून मात्र फुगायची मी.

पण पोरगी शिकलेली. आयटीआयला नकाशे काढायचा कोर्स केलेला. घरी बसून एका पुण्याच्या कंपनीसाठी स्वयंपाकघरांची चित्रं काढून द्यायची, ओटा कुठे, कपाट कुठे, बेसिन कुठे. काम त्यांना पसंत पडलं, आणि एक दिवस कंपनीकडून खोका आला. त्यात तो लॅपटॉप.

खोटं कशाला बोलू, मी त्याची फक्त ओटी भरायची बाकी ठेवली होती. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. बोटीला करतो तसंच सगळं. शेजारणी बघायला आल्या. किशोरीने तो उघडला, मग मागे मागे वाकवत नेला, नेला, आणि पार उलटा घडी करून पाटीसारखा हातात धरला. बायका म्हणाल्या, "मोडला गो!" मोडला नव्हता, तसाच होता तो. तंबूसारखा उभा करा, पुस्तकासारखा उघडा, आडवा टाका. काचेवर बोट फिरवलं की चित्र हलायचं, वेगळी एक पेन्सिल होती, तिने रेघ ओढली की भिंत उभी राहायची. चार साधे कॉम्प्युटर मिळून दिवसभर करतील ते हा एकटा चहा होईपर्यंत करतो, असं निकेश सांगत होता. मी तर बाजारभर सांगितलं. "आमची सून घरबसल्या पुण्याला नोकरी करते. पंख्याखाली. चिखलात पाय नाही घालावा लागत तिला." गिऱ्हाईक मासे घ्यायला आलं की आधी लॅपटॉप ऐकवायची, मग भाव सांगायची.

तो घरबसल्या शब्द आहे ना, तो मला आता ऐकवत नाही.

कारण त्या यंत्रात एक ठिपका आहे. कोपऱ्यात, बाजरीच्या दाण्याएवढा. काम चालू असलं की हिरवा. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की पिवळा. पिवळा झाला की किशोरीच्या फोनवर टिंग वाजतं, "तुम्ही आहात का?" आणि पुण्यात दीपेश सर म्हणून तिचे साहेब आहेत, त्यांना तिकडे तोच पिवळा दिसतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. ती न्हाणीत गेली तरी घड्याळ बघून जायची. मी विचारलं, "मुतायला पण हिशेब द्यायचा काय त्यांना?" तर म्हणाली, "आई, हळू बोला, माईक चालू आहे."

हळू बोला! मला! माझ्याच घरात!

आधी खिडकी बंद झाली. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून शंभर पावलांवर समुद्र. पण बाहेर बायका मासळी सुकत घालायच्या, भांडायच्या, पोरं ओरडायची, तो आवाज मीटिंगमध्ये जायचा. एकदा तिकडून कुणीतरी हसून विचारलं, "किशोरी, तुमच्याकडे भांडण चाललंय का?" भांडण नव्हतं, मी शेजारणीला मीठ मागत होते. त्या दिवसापासून खिडकीला कडी. मग खोलीत उकाडा, यंत्र तापून तवा, आणि त्याच्या पोटातला पंखा घूं घूं घूं. गंमत बघा, ती चित्रं काढायची ती मुंबईच्या मोठ्या मोठ्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांची. एकीला म्हणे भांडी घासताना समोर समुद्र दिसायला हवा होता. त्या बाईसाठी किशोरीने तीन दिवस खपून बेसिन फिरवलं. पाठीमागे खरा समुद्र, मध्ये कडी.

मग मासे गेले. दुपारचे. मासळी खाल्लेलं बोट काचेवर टेकलं की डाग उठतो, आणि कितीही धुतलं तरी चिकटपणा राहतो म्हणे. ती दुपारी पोळीभाजी खायला लागली, एका हाताने, दुसरा हात यंत्रावर. मासे फक्त रात्रीच्या जेवणात. मग रविवार गेला. रविवारी घरं बघायला माणसं मोकळी असतात, म्हणून कामही रविवारीच जास्त, सुट्टी मंगळवारची. आणि मंगळवारी बाजारात काळं कुत्रं नसतं.

मला हे सगळं दिसत होतं. दिसत होतं आणि मी गप्प होते, कारण शिमग्याच्या सुमारास निकेशचं ठेकेदाराकडचं काम सुटलं होतं. तो रोज डबा घेऊन काम शोधायला जायचा आणि डबा खाऊन परत यायचा. घर त्या ठिपक्यावर चाललं होतं. तो लॅपटॉप मेला हवा तसा वाकतो, हवा तसा फिरतो, आणि माझी सून त्याच्यासमोर खांबासारखी ताठ. तिची मान आखडली. आवाज बारीक झाला. बाजारात हाळी देणारी पोर, "हो सर, बरोबर सर, आत्ता करते सर." मला तो आवाज ऐकला की चीड यायची, आणि ती काढायची कुणावर, तर निकेशवर.

त्यातच यंदा माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ओट्यावर मांडी घालून बसणं बंद. पावसाळ्यात बाजार तसाही बंदच असतो, निभावलं. पण नारळी पौर्णिमा जवळ आली तशी मनुबाई घरी आली. चहा घेतला, लॅपटॉपच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं आणि सरळ विचारलं.

"नीरा, जागेवर कोन बसनार हाय? विनेशची बायको दोन वर्षं नंबर लावून हाय. पयल्या दिवशी तुज्या घरातली कोन न्हाय आली तर मला तिला द्यावी लागंल."

दार उघडलं आणि किशोरी बाहेर आली. कामाच्या वेळेत दार उघडलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मी बसणार मावशी." आणि लगेच आत गेली, ठिपक्यासाठी.

रात्री जेवताना तिने आपलं मन सांगितलं. जागा एकदा नावावर झाली की नोकरीचा राजीनामा द्यायचा. बोटीवरून मासळी निकेशने आणायची, विकायची तिने. पोट भरेल. पण आधी जागा पक्की व्हायला हवी, कारण जागा गेली आणि नोकरीही सोडली तर खायचं काय? आणि जागेसाठी पहिला दिवस हवा. तिने दीपेश सरांकडे त्या एका सकाळची सुट्टी मागितली. ते म्हणाले, "या आठवड्यात नको किशोरी, काम द्यायचंय. पुढच्या आठवड्यात दोन दिवस घे." गोड बोलतात हो ते. तो माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर पोरीने लॅपटॉप केव्हाच तोंडावर फेकला असता त्याच्या.

पुढच्या आठवड्यात पहिला दिवस कसा येणार?

मग मी म्हटलं, "मी बसते त्याच्यापुढे. तू जा."

निकेश हसला. किशोरी हसली नाही. मंगळवारी दुपारी तिने मला शिकवलं. कोरं पान उघडून ठेवायचं, त्यावर पेन्सिलीने अधूनमधून रेघ ओढायची, बस. बाकी कुठेही हात लावायचा नाही. रेघ ओढली की यंत्राला वाटतं माणूस आहे. मी ओढली, आली रेघ. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी माझी सून वर्षभर कोंडून घातलीय?

तो दिवस उजाडला. किशोरीने माझं जुनं हिरवं नऊवारी गुडघ्याच्या वर कसून नेसलं, माझा कोयता घेतला, कानात माझी वेल घातली. निकेशने बोटीवरची पाटी आणली होती, बांगडे आणि थोडे हलवे. सातलाच रिक्षाने गेली दोघं. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, पाच मिनिटं हं. पाचच्या वर नाही." फोन तिने कमरेला खोचला होता.

नऊला मी त्याच्यापुढे बसले, किशोरीने ते उघडूनच ठेवलं होतं. ठिपका हिरवा. रेघ ओढली, घड्याळ बघितलं. रेघ, घड्याळ. रेघ, घड्याळ. चाळीस वर्षं मी उन्हात बसलेय, बर्फात हात घालून बसलेय, पण असं बसणं मला माहीत नव्हतं. उठावं तर ठिपका, डोळा मिटावा तर ठिपका. खिडकीला कडी. साडेनऊपर्यंत माझ्या पाठीला घामाची धार लागली आणि मला वाटलं, ही पोर वेडी कशी झाली नाही?

आणि पेन्सिल बंद पडली. रेघच येईना. झटकली, फुंकली, कपाळाला लावली. तिलाही चार्जिंग लागतं हे ना मला माहीत, ना त्या घाईत किशोरीला आठवलं. घाबरून मी बोट टेकलं. काच ढिम्म. दुसरं बोट, अंगठा, तळहात. माझी बोटं म्हणजे मीठ आणि बर्फ खाऊन खाऊन वहाणेच्या चामड्यासारखी झालेली, त्या मेल्याला ती माणसाची वाटेचनात. चार मिनिटं झाली होती. मी देवाचं नाव घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं. शेजारी ताटात दुपारसाठी साफ केलेले बोंबील होते, ओले, लुसलुशीत. का सुचलं कोण जाणे. किशोरीची ओली बोटं काचेवर सरकताना पाहिली होती, तेच डोक्यात असेल. एक बोंबील शेपटीला धरून काचेवर टेकवला.

आली की रेघ!

मी मोठ्याने हसले. एकटी. सरकवला, लांब रेघ आली, वळवला, वळली. माझ्या बोटाला ओळखत नाही आणि मेलेल्या बोंबलाला ओळखतो! काच पदराने पुसायची, पुन्हा बोंबील. दहा वाजले, सव्वादहा. ठिपका हिरवागार. मनात म्हटलं, दीपेश सर, तुमच्या कंपनीत आज बोंबील कामाला आहे.

आणि फोन वाजला. माझा. मनुबाई होती.

"नीरा! अगो, पोर काय बसलीय! तुजी आठवन आली बग. पाटी संपत आली, चार-पाच रायलेत. सगळ्या बायका बघतायत. जागा झाली असं धरून चाल तुजी."

मी बोंबील ताटात ठेवला. दोन्ही हातांनी फोन धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं माझ्या. एवढ्या वर्षांत मनुबाईशी मी असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, "मनु, तुझ्या वेळी मी..." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, आता कशाला." पण मला राहवेना. मी बोलत राहिले, पोराचं पायरीवरून पडणं, माझं भांडण, त्या दोन वर्षांचं फरशीवरचं पाणी, सगळं बोलले. ती ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "थांब. थांब जरा. ही उठली का?"

मी वळून बघितलं. ठिपका पिवळा होता.

बाजारात किशोरीच्या कमरेला फोन थरथरला होता. आधी टिंग. मग साहेबांचाच फोन. बाजाराचा गलका त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ती उठली आणि धावत रस्त्यापलीकडे गेली. पाटीत तीन बांगडे होते. तीन. साहेबांनी काय विचारलं असेल? ठिपका पिवळा दिसला, तब्येत बरी आहे ना, आणि त्या काल पाठवलेल्या कपाटाच्या मुठी सोनेरी बऱ्या की काळ्या. बस, एवढंच. रागावले नाहीत. किशोरी म्हणाली काळ्या, आणि ठिपका हिरवा करायला तशीच रिक्षात बसून घरी आली. निकेश पाटीजवळ उभाच्या उभा राहिला.

ती आत आली तेव्हा मी ताटाजवळ बसले होते. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सरळ यंत्रावर बोट टेकवलं, पिवळं होऊन थोडा वेळ गेला की ते आपोआप मिटतं आणि मग बोटाच्या ठशानेच उघडतं. उघडेना. बोटाला खवलं आणि चिकटा लागला होता. पुन्हा टेकवलं, पुन्हा नाही. एका सकाळीत ते यंत्र तिला विसरलं होतं, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला बरं वाटलं. मग ती मोरीत गेली, लिंबू लावून बोटं घासघासून धुतली आणि परत आली. उघडलं. त्या कोऱ्या पानावर माझ्या बोंबलाच्या रेघा होत्या, वाकड्यातिकड्या, पानभर. तिने त्या जरा वेळ बघितल्या. मग पुसून टाकल्या.

तेवढ्यात मनुबाईचा पुन्हा फोन. म्हणाली, "तिच्या जागेवर मी माजी पाटी ठेवलीय. कुनी काय बोललं न्हाय, मी बोलूच दिलं न्हाय. बाजार उठंपर्यंत ठेवते. पोरीला म्हनावं, परत ये, ते तीन विक, झालं. माज्या येळी कुनी ठेवली नव्हती, म्हनून मी ठेवलीय."

मी किशोरीचा दंड धरला. म्हटलं, "ऐकलंस ना? ऊठ. रिक्षा दारात आहे. होऊ दे पिवळा, होऊ दे लाल. खाडीत टाकते मी याला!"

ती म्हणाली, "आई, साहेबांना एकदा पिवळा दिसलाय. आज दुसऱ्यांदा दिसला तर विचारणार. बाराला मीटिंग आहे, कॅमेरा लावून."

"मग राजीनामा दे आत्ता!"

"आणि ते तीन बांगडे विकायच्या आत अजून काही झालं तर? पावसाने बाजार उठला तर? निकेशचं काम नाही, तुमचे गुडघे नाहीत. मग?" एवढं बोलून तिने माझा हात सोडवला. हळूच सोडवला. "एकदा उठले ना आई, तेव्हाच कळलं. फोन थरथरला आणि माझे पाय माझ्या आधी उभे राहिले. मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी."

आणि तिने दार लावून घेतलं.

एक वाजता मनुबाई स्वतः आली. चालत आली, फोड आलेले पाय घेऊन. हातात आमची पाटी. ओटीवर बसली आणि म्हणाली, "पोर कुटं हाय?" मी दाराकडे बोट दाखवलं. दाराला वरच्या बाजूला काच आहे. आम्ही दोघी उभ्या राहिलो. आत किशोरी ताठ बसलेली, समोर चार-पाच माणसांची तोंडं, ती मान हलवतेय. आम्ही तिला दिसलो. बोलता येणार नव्हतं. तिने मान तशीच हलवत, डोळे समोर ठेवून, खाली मांडीवर एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही असा बाजूला धरला. नकाशातल्यासारखं सुबक अक्षर.

मनुबाईला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "काय लिवलंय पोरीनं?"

मी दहावीपर्यंत शिकलेय. कोळीवाड्यातल्या माझ्या वेळच्या बायकांत मी एकटी. त्याचा मला फार तोरा होता. त्या क्षणी वाटलं, मला अक्षर आलं नसतं तर बरं होतं. मग वाटलं, खोटंच वाचावं. उद्या येते, असं वाचलं असतं तर मनुबाईने उद्यापर्यंत जागा ठेवली असती. ते 'उद्या' ओठांवर आलंसुद्धा होतं माझ्या. पण काचेतून किशोरी माझ्याकडे बघत होती. मीटिंगकडे नाही, माझ्याकडे.

मी वाचलं. "मनुमावशी, जागा विनेशच्या बायकोला द्या. रिकामी ठेवू नका."

"तसंच लिवलंय?"

"तसंच."

मनुबाईने पाटी माझ्या हातात दिली. पाटीत बर्फाचं पाणी आणि तीन बांगडे. म्हणाली, "हे कुनी इकले न्हाईत. मीच इकू दिले न्हाईत." आणि गेली.

ते तीन मी तळले. निकेश जेवला नाही, मी जेवले नाही. किशोरीचं ताट आत नेलं. एवढ्या दिवसांत तिने दुपारी मासा खाल्ला नव्हता, म्हटलं आज नको म्हणणार. नाही म्हणाली नाही. यंत्रावर एक हात ठेवून तिने ताट ओढलं, बांगड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, चमचा द्या ना."

मी चमचा दिला. बोटांना काही लागू नये म्हणून एकेक काटा बाजूला सारत, चमच्याने बांगडा खाणारी कोळ्याची पोर मी जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझी सून होती.